कोअर किती, कामाचे किती?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, आर्किटेक्चरचा थिसिस, अ‍ॅनिमेशनचं शोरील, बायोइन्फर्मेटिक्सचा डेटा. विषय वेगवेगळे, पण नवा पीसी बांधायची वेळ आली की सगळ्यांपुढे एकच प्रश्न येतो: प्रोसेसर कुठला घ्यायचा? साधा डेस्कटॉपचा, की थेट वर्कस्टेशनचा? मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी सांगतं, ‘एकदाच खर्च करायचाय ना, मग मोठंच घे.’ दुकानदार म्हणतो, ‘सोळा कोअरमध्ये काय होणार, चोवीसचा बघा.’ आणि घरी विचारलं जातं, ‘एवढ्या पैशांत गाडी येते, हा कॉम्प्युटर कसला?’

घरचा प्रश्न सगळ्यात रास्त आहे. त्याला नीट उत्तर द्यायचं, तर आधी बाजारात काय चाललंय ते बघावं लागेल. कारण हा निर्णय दोन वर्षांपूर्वी जितका सोपा होता, तितका आता राहिलेला नाही.

आधी रॅमचं बोलू

प्रोसेसरच्या लेखात सुरुवात रॅमपासून का? कारण २०२५ च्या अखेरीपासून पीसीचं सगळं बजेट रॅमने विस्कटून टाकलंय. जगातली जवळजवळ सगळी मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी ‘हाय बँडविड्थ मेमरी’ बनवण्यात त्यांना जास्त नफा आहे आणि ती बनवायला सिलिकॉनही जास्त लागतं. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीडीआर ५ मेमरीच्या जवळपास तिप्पट, असं मायक्रॉननेच सांगितलं आहे. थोडक्यात, कारखाने तेच, पण त्यातून तुमच्या-आमच्या वाट्याला येणारी रॅम कमी. डीडीआर ५ च्या किमती काही महिन्यांतच दुपटीच्या पुढे गेल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जवळपास तीस वर्षं लोक ज्या नावाच्या रॅम विकत घेत आले, ते नाव आता जातंय.

आता याचा प्रोसेसरशी संबंध बघा. साध्या डेस्कटॉपला रॅमच्या दोन पट्ट्या पुरतात. एएमडीच्या थ्रेडरिपरसारख्या वर्कस्टेशन प्रोसेसरला चार चॅनेल असतात आणि थ्रेडरिपर प्रोला आठ. म्हणजे पुरेपूर वेग हवा असेल, तर चार किंवा आठ पट्ट्या घ्यायच्या. त्याही साध्या चालत नाहीत, ‘रजिस्टर्ड’ प्रकारच्या लागतात, म्हणजे सर्व्हरमध्ये बसतात तशा. तुमच्या जुन्या पीसीतली रॅम तिथे बसणारच नाही. वर्कस्टेशन घ्यायचं ठरवलं, की रॅमच्या रांगेत तुम्ही थेट डेटा सेंटरवाल्यांच्या मागे उभे राहता. या रांगेत तुमचा नंबर कधी लागेल आणि कुठल्या भावाला, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून प्रोसेसरच्या किमतीकडे एकट्याने बघू नका. मदरबोर्ड, रॅम, कूलर, पॉवर सप्लाय हा सगळा संसार त्याच्यासोबत येतो.

ही रेघ कुणी ओढली?

डेस्कटॉप आणि वर्कस्टेशन ही दोन वेगळ्या जातीची यंत्रं आहेत, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स हा डेस्कटॉपचा प्रोसेसर आठ-आठ कोअरच्या दोन तुकड्यांनी बनतो. थ्रेडरिपर ९९८०एक्समध्ये तशाच प्रकारचे आठ तुकडे असतात. वीट एकच, घर लहान-मोठं. इंटेलकडे तर अजून गंमत आहे. मेमरीतल्या चुका पकडून दुरुस्त करणारी ‘ईसीसी’ ही सोय बाराव्या पिढीच्या अनेक कोअर आय५, आय७, आय९ प्रोसेसरमध्ये आहे, पण ती चालू व्हायला वर्कस्टेशनसाठीच्या डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो. प्रोसेसर तोच, बोर्ड बदलला की सोय हजर! इथली रेघ तंत्रज्ञानाने ओढलेली नाही, ती विक्री विभागाने ओढली आहे.

ही रेघ गेल्या नऊ वर्षांत सरकलीसुद्धा. २०१७ च्या सुरुवातीला घरगुती डेस्कटॉपसाठी इंटेलचा सर्वांत वरचा प्रोसेसर होता कोअर आय७-७७००के. त्यात कोअर किती? चार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिला थ्रेडरिपर आला. त्यातला सोळा कोअरचा १९५०एक्स ९९९ डॉलरचा होता आणि सगळ्यात स्वस्त, आठ कोअरचा १९००एक्स ५४९ डॉलरचा. हौशी माणसालाही थोडे पैसे जास्त टाकून वरच्या गटात शिरता येत होतं.

पुढे दोन गोष्टी झाल्या. २०१९ च्या अखेरीस सोळा कोअर साध्या डेस्कटॉपवरच आले, रायझन ९ ३९५०एक्सच्या रूपाने. आणि मधला गट आटत गेला. इंटेलने आपली ‘कोअर एक्स’ मालिका २०१९ नंतर पुढे नेली नाही. एएमडीने २०२२ चे थ्रेडरिपर फक्त ‘प्रो’ स्वरूपात, म्हणजे कंपन्यांसाठीच आणले. २०२३ मध्ये साधा थ्रेडरिपर परत आला, पण चोवीस कोअर आणि १,४९९ डॉलरपासून. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ९००० मालिकेतही प्रवेशाची किंमत तीच आहे. म्हणजे आठ वर्षांत दारावरचं तिकीट ५४९ वरून १,४९९ डॉलरवर गेलं.

यात वाईट बातमी आहे तशी चांगलीही आहे. पूर्वी ज्या कामासाठी वर्कस्टेशन लागायचं, त्यातलं बरंच काम आता डेस्कटॉपवर होतं. तुमचे सीनियर ‘अमुक सॉफ्टवेअरला वर्कस्टेशनच लागतं’ असं छातीठोकपणे सांगत असतील, तर त्यांचा सल्ला कुठल्या सालचा आहे, ते एकदा विचारा.

शंभर मिनिटांचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. कोअर चौपट झाले, तर काम चौपट वेगाने होतं का?

समजा, एका कोअरला शंभर मिनिटं लागतील असं काम आहे. त्यातली नव्वद मिनिटं सगळ्या कोअरमध्ये वाटून घेता येतात, पण दहा मिनिटं एकट्यालाच करावी लागतात, कारण तिथे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून आहे. सोळा कोअर लावले, तर नव्वदची होतात साधारण साडेपाच. एकूण साडेपंधरा मिनिटं. झकास! आता चौसष्ट कोअर लावा. नव्वदची होतात दीड मिनिटाच्या आत, पण ती दहा मिनिटं तशीच. एकूण साडेअकरा. चौपट कोअर, बचत चार मिनिटांची.

जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये हा मुद्दा मांडला होता. प्रोसेसर किती पिढ्या पुढे गेले, तरी हा हिशोब चुकलेला नाही. त्यात भर म्हणजे जास्त कोअरच्या प्रोसेसरचा एका कोअरचा वेग सहसा थोडा कमीच असतो. ९९५०एक्सचा एक कोअर ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत पळतो, ९९८०एक्सचा ५.४ पर्यंत. म्हणजे त्या ‘एकट्याच्या’ दहा मिनिटांत महागडा प्रोसेसर उलट मागे पडू शकतो. आणि बाजारात येतानाच्या किमती? ६४९ डॉलर विरुद्ध ४,९९९. ढोबळमानाने अठ्ठावन्न हजार रुपये विरुद्ध साडेचार लाख, कर वेगळा.

मग सगळा प्रश्न उरतो तो एवढाच: तुमच्या कामातली ती ‘एकट्याची’ मिनिटं किती? ऑटोकॅडमधलं बरंचसं ड्रॉइंग, सॉलिडवर्क्समध्ये एकावर एक रचत नेलेलं मॉडेल, ही कामं बहुतांशी एका कोअरवर चालतात. तिथे बत्तीस कोअर घेतले, तर एकतीस बसून राहतील. दुसऱ्या टोकाला अँड्रॉइडसारखी प्रचंड प्रणाली कंपाइल करायचं काम आहे. गूगलने स्वतःच दिलेले आकडे आहेत: सहा कोअर आणि ६४ जीबी रॅमच्या मशीनवर पूर्ण बिल्डला सुमारे सहा तास, ७२ कोअरच्या मशीनवर सुमारे चाळीस मिनिटं. बारापट कोअर, नऊपट वेग. अशा कामात कोअरचा पैसा वसूल होतो.

वाढपी आणि दारं

कोअरच्या आकड्याआड एक गोष्ट लपते. लग्नाच्या पंगतीत वाढपी वीस उभे केले, पण स्वयंपाकघरातून मांडवात यायला दारं दोनच असतील तर? निम्मे वाढपी दारातच अडकणार. कोअर म्हणजे वाढपी आणि मेमरी चॅनेल म्हणजे दारं.

डेस्कटॉपला दोन चॅनेल. डीडीआर ५-५६०० रॅम लावली, तर सेकंदाला जास्तीत जास्त ८९.६ जीबी माहिती आत-बाहेर होते. थ्रेडरिपरला चार चॅनेल, रॅमही ६४०० ची, म्हणून २०४.८ जीबी. थ्रेडरिपर प्रोला त्याच्या दुप्पट. हवेचा-पाण्याचा प्रवाह मोजणारी सिम्युलेशन, हवामानाची मॉडेल, मोठमोठ्या समीकरणांची गणितं या कामांत प्रोसेसर बहुतेक वेळ माहितीची वाट बघत बसतो. तिथे वर्कस्टेशनचा खरा फायदा कोअरपेक्षा दारांचा असतो.

दुसरा फायदा जागेचा. डेस्कटॉपवर एक ग्राफिक्स कार्ड पूर्ण वेगाने चालतं. दुसरं लावलं की दोघांना मार्गिका वाटून घ्यावी लागते. ९००० मालिकेच्या थ्रेडरिपर प्रोमध्ये पीसीआय एक्स्प्रेसच्या १२८ मार्गिका मिळतात, त्यामुळे तीन-चार कार्डं सुखाने नांदतात. रॅमचंही तसंच. डेस्कटॉप १९२ ते २५६ जीबीला थांबतो, थ्रेडरिपर १ टीबीपर्यंत जातो. जनुकांचे तुकडे जुळवून पूर्ण जीनोम उभा करणाऱ्यांना हे आकडे चैनीचे वाटत नाहीत.

तिसरा फायदा ईसीसीचा. २००३ मध्ये बेल्जियममधल्या स्कारबेक इथल्या निवडणुकीत एका उमेदवाराला इलेक्ट्रॉनिक मतमोजणीत ४,०९६ मतं जास्त मिळाली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. मेमरीतला एक बिट शून्याचा एक झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. कारण कदाचित अवकाशातून आलेला एखादा कण. अशी चूक दुर्मीळ असते. पण आठ-आठ दिवस चालणाऱ्या गणितात ती शिरली आणि कुणाच्या लक्षात आली नाही, तर? पीएचडीच्या डेटासाठी ही काळजी खरी आहे. सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी दर तासाला फाइल सेव्ह करणं पुरतं. आणि ईसीसी हवंच असेल, तर ते योग्य बोर्ड निवडून बऱ्याच रायझन प्रोसेसरवरही मिळतं. त्यासाठी लाखोंचं वर्कस्टेशन लागत नाही.

पैसा नेमका कुठे अडतो?

अनेकदा माणूस प्रोसेसरवर खर्च करतो आणि अडथळा भलतीकडेच असतो. ब्लेंडरचं सायकल्स इंजिन ग्राफिक्स कार्डावर चालवलं, तर रेंडरिंगचा मुख्य भार प्रोसेसरवर नसतोच. मशीन लर्निंगच्या ट्रेनिंगचंही तेच. व्हिडिओ एडिटिंगमध्ये इंटेलच्या अनेक साध्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समुळे व्हिडिओ उलगडण्याचं काम भराभर होतं. थ्रेडरिपरमध्ये अंगचं ग्राफिक्सच नाही. स्क्रीनवर काही दिसायलासुद्धा वेगळं कार्ड लागतं.

विजेचाही विचार करा. ९९५०एक्सची उष्णतेची अधिकृत मर्यादा १७० वॅट आहे, थ्रेडरिपरची ३५० वॅट. रोज आठ तास पूर्ण भाराने चालवलं, तर एकट्या प्रोसेसरचे महिन्याला अंदाजे ४१ युनिट विरुद्ध ८४ युनिट होतात. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या पुढचा दर चढा असतो, हे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना सांगायला नको. वर कूलरचा आवाज आणि एप्रिल-मे मधली खोली. रूममेटची परवानगी आधीच काढा.

आणि एक जुना मोह. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, डेटा सेंटरमधून निवृत्त झालेले झिऑन ई५ प्रोसेसर स्वस्तात मिळतात. बारा-चौदा कोअर, किंमत किरकोळ. ‘वर्कस्टेशन’ हा शब्दही जाहिरातीत असतोच. पण ‘व्ही३’ मालिका २०१४ ची आहे. एका कोअरचा वेग आजच्या साध्या आय५ किंवा रायझन ५ च्या जवळपासही जात नाही. विंडोज ११ ला हे प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्सवर शिकायला, घरचा छोटा सर्व्हर उभारायला घेत असाल, तर जरूर घ्या. रोजच्या कामाचा मुख्य पीसी म्हणून नको.

आधी मोजा, मग घ्या

निर्णयाची सुरुवात दुकानात होत नाही, आत्ता हातात असलेल्या मशीनवर होते. तुमचं सगळ्यात जड काम सुरू करा, टास्क मॅनेजर उघडा आणि दहा मिनिटं बघत बसा. एकच कोअर तापलाय आणि बाकीचे आराम करतायत? मग जास्त कोअर नकोत, जास्त वेगाचा कोअर हवा. तो डेस्कटॉपमध्येच मिळतो. रॅम काठोकाठ भरलीय? आधी रॅम वाढवा. ग्राफिक्स कार्ड शंभर टक्क्यांवर आहे? पैसे तिकडे वळवा. डिस्कचा आकडा शंभरला टेकलाय? चांगली एसएसडी घ्या, प्रोसेसरला दोष देऊ नका. सगळे कोअर तासन् तास शंभर टक्क्यांवर आहेत आणि असं रोज होतं? तेव्हाच मोठ्या प्रोसेसरचा विचार सुरू होतो. तोही आधी बारा-सोळा कोअरच्या डेस्कटॉपचा.

कोडिंग, कॅड, आर्किटेक्चर, डिझाइन, एडिटिंग करणाऱ्या बहुतेकांसाठी आठ ते सोळा कोअरचा डेस्कटॉप, परवडेल तेवढी रॅम आणि गरजेपुरतं ग्राफिक्स कार्ड हे उत्तर आजही पक्कं आहे. रॅम महाग असताना सुरुवातीला ३२ जीबीवर भागवा, पण बोर्ड चार खाचांचा घ्या. ब्रँडेड वर्कस्टेशनसोबत मिळणारं सॉफ्टवेअर कंपन्यांचं प्रमाणपत्र आणि दुसऱ्या दिवशी दारात येणारा इंजिनीअर यांना कंपन्यांच्या लेखी मोल आहे, कारण तिथे मशीन एक दिवस बंद म्हणजे पगार वाया. तुमचा एक दिवस गेला, तर तुम्ही लायब्ररीत जाल.

ताकद विकतच घ्यायला हवी का?

आणि काम खरंच मोठं असेल तर? मग प्रश्न बदलतो: अशी ताकद वर्षातून किती दिवस लागते? प्रोजेक्टच्या शेवटच्या तीन आठवड्यांसाठी लाखोंचं मशीन घेणं म्हणजे एका लग्नासाठी मंगल कार्यालयच विकत घेण्यासारखं आहे.

केंद्र सरकारच्या इंडियाएआय मिशनला मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटींची मंजुरी मिळाली. त्यातून ३८ हजारांहून जास्त जीपीयू उपलब्ध झाल्याचं आणि ते तासाला सरासरी सुमारे ६५ रुपयांत मिळत असल्याचं सरकार सांगतं. ही सोय विद्यार्थी आणि संशोधकांसाठीही आहे. गूगल कोलॅब आणि कॅगल तासांच्या मर्यादेत जीपीयू फुकट देतात. नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून आलेली यंत्रं आपल्या जवळच आहेत: पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन ‘परम रुद्र’पैकी एक पुण्यातच आहे, जीएमआरटी दुर्बिणीतून येणाऱ्या माहितीच्या अभ्यासासाठी. अशा यंत्रांपर्यंतचा रस्ता संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांमार्फत जातो. तुमच्या गाइडना विचारून तर बघा.

सगळ्यात जवळचा पर्याय मात्र तुमच्या विभागातच आहे. एका वर्गातल्या चाळीस जणांनी घरोघरी अर्धवट ताकदीचे चाळीस पीसी बांधण्यापेक्षा विभागाने एक दणकट वर्कस्टेशन घ्यावं, त्यावर लिनक्स टाकावं आणि मुलांनी खोलीतून लॉगिन करून रात्रीच्या रांगेत कामं लावावीत. ईसीसी, आठ चॅनेल, चार कार्डं या सगळ्याची किंमत तिथे वसूल होते, कारण ते मशीन दिवसरात्र राबतं. कंपन्यांनी मधला गट महाग केला, एआयने रॅम पळवली; त्यात एकेकट्या विद्यार्थ्याने घरून लाखो रुपये आणून या शर्यतीत धावायचं कारण नाही. प्रयोगशाळेची फी तुम्ही दर वर्षी भरता. मग लॅबमध्ये असं एक मशीन का नाही, हा प्रश्न एचओडींना विचारायचा हक्कही तुमचाच आहे. जाताना टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट घेऊन जा. ‘मोठं हवं’ म्हणण्यापेक्षा ‘हे काम इथे अडतं’ असं दाखवलं, की समोरच्याला नाही म्हणणं अवघड जातं.